सोलापूरचा उन्हाळा आणि कुंडीतील मुळे

श्रोतेहो, नमस्कार.

सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या गड्डा यात्रेतले पाळणे उतरले की सोलापुरात थंडीचे मोजकेच दिवस उरतात आणि फेब्रुवारी सरता सरता दुपारच्या उन्हाला धार येऊ लागते. घरच्या बागेत नेमके याच सुमारास गुलाब, झेंडू, पिटुनिया भरात असतात, त्यामुळे पुढच्या दोन महिन्यांची काळजी सहसा कुणी करत नाही. परंतु एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर गेल्यानंतर जी रोपे दगावतात, ती वाचवण्यासाठी जे करता येण्याजोगे असते, त्यातील बहुतेक काम होळीच्या आत उरकावे लागते. म्हणून आज मी गच्चीवर, सज्जात किंवा छोट्या अंगणात कुंड्या सांभाळणाऱ्या हौशी मंडळींशी केवळ या तयारीविषयी बोलणार आहे.

उन्हाने झाड करपले असे आपण म्हणतो, तेव्हा आपली नजर पानांवर असते. वास्तविक कुंडीतील झाडाला पहिला फटका मुळांना बसतो. जमिनीत वाढणाऱ्या झाडाच्या मुळांना वीतभर खोलीवर बराच गारवा मिळतो. मात्र गच्चीच्या तापलेल्या स्लॅबवर ठेवलेल्या कुंडीला खालून, बाजूंनी आणि वरून अशी सगळीकडून उष्णता लागते. कुंडीच्या आतील मातीचे तापमान ४० अंशांच्या जवळ गेले की बहुतेक झाडांची पाणी शोषणारी कोवळी मुळे निकामी होऊ लागतात. मुळे निकामी झाली की माती ओली असूनही पाने माना टाकतात, ते पाहून घरातील प्रत्येक जण येता-जाता तांब्याभर पाणी ओततो, आणि मग त्या गरम व कोंदट चिखलात उरलीसुरली मुळेही कुजतात. सोलापुरातील कुंड्यांमध्ये उन्हाळ्यात मरणाऱ्या झाडांपैकी पुष्कळशी झाडे तहानेने मरत नाहीत, ती या फेऱ्यात सापडून मरतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा पहिले काम कुंड्यांच्या जागेचे. पश्चिमेच्या भिंतीलगतच्या कुंड्या आधी हलवाव्यात, कारण ती भिंत सूर्यास्तानंतरही कित्येक तास उष्णता बाहेर टाकत राहते. कुंडी थेट स्लॅबवर न ठेवता दोन विटांवर किंवा लाकडी पट्ट्यांवर ठेवावी, म्हणजे खालून हवा खेळते आणि छिद्रही मोकळे राहते. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवाव्यात. मोठ्या कुंड्या दक्षिण आणि पश्चिम बाजूला, लहान कुंड्या त्यांच्या सावलीत. काळ्या रंगाच्या पातळ प्लास्टिकच्या कुंड्या आपल्या हवेत सर्वांत वाईट. त्या बदलणे शक्य नसेल तर बाहेरून चुना फासावा किंवा ओले गोणपाट गुंडाळावे. मातीच्या कुंडीतून पाणी झिरपून उडते, त्यामुळे तिला पाणी जास्त लागते हे खरे, परंतु त्याच कारणाने ती आतून गार राहते, आणि पाण्याची थोडीफार सोय असेल तर मी तिचीच शिफारस करीन.

सावलीच्या जाळीविषयी एक सूचना. भाजीपाला आणि फुलझाडांसाठी पन्नास टक्के सावली देणारी जाळी पुरते. त्याहून दाट जाळीखाली मोगरा आणि गुलाब फुलण्याचे थांबतात. जाळी डोक्याच्या वर हातभर उंच बांधावी. झाडांच्या शेंड्यांना टेकेल इतकी खाली बांधली तर हवा कोंडते, आणि हेतूच फसतो. कण्हेर, बोगनवेल, अडेनियम, सदाफुली, कोरफड यांना जाळीखाली जागा देऊ नये. ही मंडळी उन्हातच सुखी असतात.

आता मातीकडे वळू. आपल्याकडची काळी माती शेतात कितीही कसदार असली तरी एकटी कुंडीत भरली की अडचण करते. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. वाळलेली माती कुंडीच्या कडेपासून सुटते, मग ओतलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते, तळाच्या छिद्रातून वाहू लागते आणि पाणी भरपूर झाले असे आपल्याला वाटते. मधला मुळांचा गोळा मात्र कोरडाच राहिलेला असतो. यासाठी काळी माती एक भाग, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत एक भाग आणि चाळलेला मुरूम किंवा जाडी वाळू एक भाग असे मिश्रण करावे. नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळायचा असेल तर तो आधी दोन-तीनदा स्वच्छ पाण्यात भिजवून पिळून घ्यावा, कारण त्यात बऱ्याचदा क्षार असतात. कुंड्या बदलायच्या असल्या तर ते काम याच महिन्यात संपवावे. एप्रिलमध्ये मुळे उघडी करणे म्हणजे झाडाला स्वतःच्या हाताने अंथरुणाला खिळवणे होय.

मातीच्या वरच्या थरावर आच्छादन हवेच हवे. सोलापुरात १९३३ पासून कोरडवाहू शेतीवर पद्धतशीर संशोधन होत आले आहे, आणि जमिनीत आहे ती ओल उडू न देणे हा त्या शेतीचा पाया आहे. रब्बी ज्वारीतली कोळपणी, म्हणजे कोळप्याने ओळींमधली वरची माती हलवणे, भेगा बुजवते म्हणून आपला शेतकरी तिला अर्धे ओलित मानतो. कुंडीत कोळपे चालत नाही. तेथे खुरपीने वरचा बोटभर थर हलका करावा आणि त्यावर दोन इंच जाडीचे आच्छादन पसरावे. यासाठी बाजारातून काही विकत आणण्याची गरज नाही. शेंगाच्या चटणीच्या या गावात भुईमुगाच्या टरफलांना तोटा नाही. उसाचे पाचट बारीक कापून चालते, फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्तोरस्ती पडणारा कडुनिंबाचा पाला चालतो. आच्छादन खोडाला मात्र चिकटू देऊ नये, दोन बोटे जागा मोकळी सोडावी, आणि वाळवीची शंका असेल तर पंधरा दिवसांनी ते उचलून खाली पाहावे.

यानंतरचा विषय पाण्याचा आहे, आणि त्यावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे. आपल्या जिल्ह्याचा सरासरी पाऊस जेमतेम पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच्या घरातला. उजनी धरणाचे पाणी नळाला काही दिवसांआड येते आणि मधल्या दिवसांत पुष्कळ घरांत बोअरचे पाणी वापरले जाते. या भागातील बोअरचे पाणी बहुधा जड असते; कुंडीच्या कडेवर आणि मातीच्या पृष्ठभागावर जो पांढरा थर दिसतो तो त्यातील क्षारांचा. असे पाणी रोज थोडे थोडे घातले की पाणी उडून जाते आणि क्षार कुंडीत साठत राहतात. पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळतात आणि आपण त्याचा दोष उन्हाला देतो. यावरचा उपाय म्हणजे नळाला पाणी येईल त्या दिवशी, निदान महिन्यातून एकदा, प्रत्येक कुंडीत तळाच्या छिद्रातून भरपूर पाणी वाहीपर्यंत गोडे पाणी सोडावे, म्हणजे साठलेले क्षार धुऊन निघतात. तळाची ताटली त्यानंतर लगेच रिकामी करावी.

घरातील कोणते पाणी झाडांना चालते, हाही प्रश्न नेहमी विचारला जातो. तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेले पाणी निःशंक वापरावे. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी जवळजवळ क्षारविरहित असते, ते जड पाण्यात मिसळून वापरल्यास उत्तमच. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर फेकले जाणारे पाणी मात्र मूळ पाण्यापेक्षा अधिक क्षारयुक्त असते. ते फरशी पुसण्यासाठी ठेवावे. कूलरच्या टाकीतील उरलेल्या पाण्याविषयी तर फारच थोडे लोक सावध असतात. कूलर केवळ पाण्याची वाफ करतो, क्षार टाकीतच राहतात, आणि आठवडाभरानंतर टाकीत उरते ते चांगलेच खारट झालेले पाणी असते. ते वाया जाऊ नये या सद्हेतूने कुंडीत ओतले जाते आणि नाजूक रोपे त्याने बसतात.

पाणी केव्हा आणि किती द्यावे, याचे उत्तर घड्याळात शोधू नये. बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घालावे. तेथे ओल लागली तर पाणी देऊ नये, मग दुपारी पाने मलूल दिसत असली तरी चालेल. जास्वंद, भोपळ्याचे वेल, टोमॅटो दुपारी पाने पाडतात आणि संध्याकाळी पुन्हा सावरतात. ही त्यांची उन्हापासून बचावण्याची रीत आहे. सकाळीही पाने मलूलच असतील, तर मात्र खरी तहान आहे किंवा मुळांचे दुखणे आहे, असे समजून माती तपासावी. पाणी सकाळी लवकर, दोन हप्त्यांत द्यावे. पहिल्या हप्त्याने माती फुगून कडेच्या फटी बुजतात, दहा मिनिटांनी दिलेला दुसरा हप्ता मुळांपर्यंत पोहोचतो. पिंपात किंवा टाकीत साठवलेले पाणी उन्हात असेल तर दुपारी ते कधीही घालू नये, आणि पिंपाला कापड किंवा झाकण असलेच पाहिजे. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो.

मोठ्या कुंडीत किंवा अंगणातील आळ्यात एक लहान, सच्छिद्र पण पक्के भाजलेले मडके गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरून झाकण ठेवले, तर मुळांना लागेल तसे पाणी झिरपत राहते. लिंबू, कढीपत्ता, डाळिंब यांच्यासाठी ही जुनी युक्ती मला ठिबकच्या नळ्यांपेक्षा अधिक भरवशाची वाटते, कारण आपल्या जड पाण्याने ठिबकची तोंडे वारंवार बुजतात.

खतांविषयी उलट सांगायचे आहे. एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत खत जवळजवळ बंद ठेवावे. विशेषतः कुंडीत राख घालण्याचा, चुना किंवा अंड्याची टरफले घालण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो कोकणातल्या आम्लधर्मी मातीसाठी ठीक आहे. आपली माती मुळातच चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी आहे, तीत आणखी अल्क घातले की लोह झाडाला मिळेनासे होते. जास्वंद, गुलाब किंवा लिंबाची कोवळी पाने पिवळी पडून शिरा हिरव्या राहिल्या, तर ती लोहाची कमतरता समजावी. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. लोहासाठी एक लिटर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि चिमूटभर लिंबाचे सत्त्व विरघळवून, आधी एका फांदीवर परिणाम पाहून, संध्याकाळी फवारावे. सेंद्रिय खत नियमित मिळणाऱ्या कुंडीत ही वेळ फार क्वचित येते.

कोरड्या हवेत लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण वाढतात. पानांची खालची बाजू रोज पाहावी, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावी, आणि तेवढ्याने भागले नाही तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व थोडा सौम्य साबण मिसळून सूर्यास्तानंतर फवारावे. भर उन्हात तेल फवारल्यास किडीआधी पाने भाजतात.

काही झाडांविषयी वेगळे बोलणे भाग आहे. तुळस बहुतेक घरांत पूजेच्या पाण्याने बुडते. वृंदावनाच्या तळाला छिद्र नसेल तर ते पाडून घ्यावे, रोजचे अर्घ्य चमचाभर द्यावे आणि मंजिऱ्या वेळोवेळी खुडाव्यात. मोगऱ्याची छाटणी अजून केली नसेल तर याच आठवड्यात करून, शेणखत घालून पाणी वाढवावे, म्हणजे मार्चअखेर कळ्या दिसू लागतील. शहराच्या पूर्व भागातील तेलुगू भाषक घराघरांत वेणीसाठी लावली जाणारी अबोली उष्णता सोसते, परंतु तिला दुपारची सावली हवी. त्याच घरांत दसऱ्याच्या सुमारास बतकम्मा या फुलांच्या सणासाठी लागणारा तरवड तर माळरानावर कुणी पाणी न घालता फुलतो, आणि कुंपणाला लावण्यासाठी त्याच्याइतके निगर्वी झुडूप दुसरे नाही. डाळिंब मोठ्या पिंपात सहज येते, थोडे क्षारही सोसते. मात्र पानांवर किंवा फळांवर तेलकट डाग दिसले तर तो भाग कापून जाळून टाकावा, कारण तेल्या रोगाने आपल्या जिल्ह्यातील डाळिंब बागायतदारांचे मोठे नुकसान केले आहे आणि घरचे एक रोगट झाडही जवळच्या बागेला धोका ठरू शकते. केगाव येथे डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, आणि गावाजवळच अशी संस्था असणे ही सोलापूरकरांची खरी चैन आहे.

नवीन झाडे लावण्याची घाई पहिल्या वळवाच्या सरीबरोबर करू नये. सोलापुरात सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो, आणि जूनच्या सरींनंतर जुलैत पुष्कळदा लांब उघडीप असते. बहुवर्षायू झुडपे ऑगस्टच्या उत्तरार्धात लावली तर त्यांना ओलही मिळते आणि पुढची थंडीही. त्याच पावसात सगळ्या कुंड्या उघड्यावर ठेवाव्यात, म्हणजे वर्षभराचे क्षार फुकट धुऊन निघतात.

मे महिन्यात आठ-दहा दिवस गावाला जायचे असेल, तर कुंड्या उत्तरेकडील भिंतीच्या सावलीत एकत्र कराव्यात आणि मधोमध पाण्याने भरलेली बादली विटांवर, कुंड्यांपेक्षा उंच ठेवावी. जुन्या सुती कापडाच्या जाड पट्ट्या ओल्या करून त्यांचे एक टोक बादलीच्या तळाशी आणि दुसरे टोक कुंडीच्या मातीत तीन बोटे खोल पुरावे. निघण्यापूर्वी दोन दिवस हा प्रयोग करून पाहावा, कारण पट्टी जाड असली तर बादली लवकर रिकामी होते आणि पातळ असली तर पाणी चढतच नाही. परत आल्यावर कुंड्या लगेच उन्हात नेऊ नयेत. आधी केवळ सकाळचे ऊन द्यावे आणि चार-पाच दिवसांनी त्या मूळ जागी ठेवाव्यात.

नमस्कार.