'रेकॉर्ड स्वच्छ आहे' म्हणजे कुठला?

मंडळी, पोलीस अधिकाऱ्यावर मारहाणीचा आरोप झाला की आपल्या गोव्यात दोन बातम्या येतात. पहिली, त्याची जीआरपीत, म्हणजे गोवा राखीव पोलीस दलात, रवानगी झाली. दुसरी, त्याचा सेवेचा रेकॉर्ड स्वच्छ आहे, पदकही मिळालंय. मला बोलायचंय ते या दुसऱ्या बातमीबद्दल.

सेवापुस्तकात नेमणूक, बदल्या, बढत्या, बक्षिसं असतात. शिक्षाही असते, पण खात्याच्या चौकशीत दिली गेलेली. पोलीस स्थानकावरच मिटवलेली तक्रार तिथे उमटत नाही. शिवाय गोव्यातले वरिष्ठ आयपीएस अधिकारी ॲगमुट केडरचे, म्हणजे अरुणाचल, गोवा, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेशांच्या सामाईक केडरचे. आज पणजी, उद्या दिल्ली, परवा अरुणाचल. फाइल त्यांच्याबरोबर जाते, स्थानकातल्या नोंदी मात्र इथेच राहतात.

आता, बळ वापरणं म्हणजे गुन्हाच, असं मी म्हणत नाही. अटकेला विरोध झाला तर आवश्यक ते उपाय योजायला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ मुभा देतं. बेड्या पडून कोठडीत बसलेल्या माणसाला कबुलीसाठी मारणं ही वेगळीच गोष्ट. तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली गुन्हा आहे. साध्या दुखापतीलाही सात वर्षांपर्यंत कैद. हा फरक ठरवायचा कशावरून? पदकावरून नक्कीच नाही.

तो ठरतो कागदावरून. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं, की अटक झालेल्याने मागणी केली तर त्याच्या अंगावरच्या लहानमोठ्या जखमा त्याच वेळी नोंदवायच्या, त्यावर त्याची आणि पोलिसाची सही घ्यायची, प्रत त्याला द्यायची. पुढे कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासणी. हे दोन कागद शेजारी ठेवा. अटकेच्या वेळी पाठ कोरी आणि दोन दिवसांनी डॉक्टरच्या कागदावर वळ, तर मधल्या काळाचा जाब स्थानकाला द्यावाच लागेल. अडचण एवढीच, की हे कागद असतात वेगवेगळ्या दप्तरांत: स्थानकात, इस्पितळात, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. पोलीस तक्रार प्राधिकरणाकडची तक्रार आणखी चौथ्या जागी. एकाच अधिकाऱ्याचं नाव तीन प्रकरणांत आलं, हे जुळवून बघायचं काम कुणाच्याच टेबलावर नाही. माझ्या मते खरा दोष हा. वाईट अधिकारी प्रत्येक खात्यात असतात. त्यांची बेरीज न करणारं खातं अधिक धोक्याचं.

माहिती अधिकारात सेवेची फाइल मागू म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या गिरीश देशपांडे निकालाने ती वैयक्तिक माहिती ठरवली. व्यापक जनहित दाखवलं तर ती मिळू शकते, असं त्या निकालाने म्हटलं. पण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या मूळ कलमातली ही जनहिताची सवलतच काढून टाकली. माहिती अधिकार कायद्याच्याच कलम ८(२) मधला जनहिताचा आधार उरला आहे, त्यावर भांडता येतं. वर्षं जातात, ही गोष्ट वेगळी.

म्हणून फाइलच्या मागे लागण्याआधी चित्रफीत मागा. परमवीर सिंग सैनी खटल्यात डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयाने प्रत्येक स्थानकात, लॉकअपमध्ये सीसीटीव्ही सक्तीचे केले आणि चित्रण १८ महिने जपायला सांगितलं. यंत्रणेला तेवढं जमत नसेल तर निदान वर्षभर. तेव्हा पहिल्याच आठवड्यात लेखी अर्ज द्या, चित्रण पुसू नये असं त्यात स्पष्ट लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय स्थानकाची पायरी उतरू नका.