बोळातली खाट

नमस्कार श्रोतेहो. नागपुरात बसून समुद्रावर बोलायचं म्हणजे तुम्हाला हसू येणार. आपला समुद्र म्हणजे फुटाळा तलाव. पण आज बोलायचंय ते दक्षिण चीन समुद्रातल्या चीनच्या दांडगाईवर. लढाई म्हणावी तर गोळी सुटत नाही, शांतता म्हणावी तर झोप लागत नाही. याला ग्रे झोन म्हणतात.

आधी आमच्या आजीचं सांगतो.

महाल भागातल्या आमच्या घराला लागून तीन फुटांचा बोळ होता. कागदोपत्री आमचा. शेजाऱ्यांनी (नाव घेत नाही, अजून येणंजाणं आहे) तिथं आधी तुळशीची कुंडी ठेवली. तुळशीला कोण काय म्हणणार? उन्हाळ्यात कूलरचा स्टँड आला. मग स्टँडवर पत्रा. बाबा म्हणाले, कोर्टात जाऊ. आजी म्हणाली, "कुंडीसाठी कोर्टात कोण जाते बाप्पा?"

तिनं माळ्यावरची मोडकी लोखंडी खाट काढायला लावली, बोळात टाकली, वर कुरडया वाळत घातल्या आणि शेजारी पाट घेऊन बसली. रोज. सकाळपासून ऊन उतरेस्तोवर. (आता घरांना माळेच नसतात, आणि सिमेंटचे रस्ते उंबरठ्याच्या वर गेलेत. पण तो वेगळा विषय.)

चौथ्या दिवशी कूलर भरायच्या पाइपाची धार थेट कुरडयांवर! "चुकून लागली," म्हणे. आजी भांडली नाही. भिजलेल्या कुरडया ताटात घेऊन ती गल्लीत दारोदार फिरली. "पाहा बाई, माह्या कुरडयांचं काय केलं." दुसऱ्या दिवशी खाटेपाशी चार बायका, आपापले गहू निवडत. पाइप त्यानंतर कूलरच्या टाकीबाहेर गेला नाही.

आता समुद्रावर चला. १९९५ साली चीननं, फिलिपिन्स आपला मानतो त्या मिसचीफ रीफ या प्रवाळखडकावर खोपटी उभारली. मासेमारांच्या आसऱ्यासाठी, असं सांगितलं. ती कुंडी. आज तिथं धावपट्टी आहे. १९९९ मध्ये फिलिपिन्सनं जवळच्याच सेकंड थॉमस शोल या उथळ खडकावर सिएरा माद्रे नावाचं दुसऱ्या महायुद्धातलं जहाज मुद्दाम रुतवलं आणि त्यावर जवान बसवले. ती खाट. जहाज गंजून भोकं पडलीत, पण जवान हलले नाहीत.

कागदही आहे. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादानं निकाल दिला की नकाशावर नऊ तुटक रेषा ओढून जवळपास अख्खा समुद्र आपला म्हणण्याच्या चीनच्या दाव्याला कायद्याचा आधार नाही. चीननं तो मानला नाही. खाटेवरच्या जवानांना रसद नेणाऱ्या बोटींवर चिनी जहाजांचे पाण्याचे फवारे सुरूच राहिले. पाणीच का? कारण पाण्याच्या धारेला कोणी युद्ध म्हणत नाही. पुन्हा सांगतो, पाण्याच्या धारेला कोणी युद्ध म्हणत नाही. म्हणून २०२३ पासून फिलिपिन्सनं बोटींवर पत्रकार आणि कॅमेरे न्यायला सुरुवात केली. भिजलेल्या कुरडया जगाच्या दारोदार.

दांडगाई त्यानं संपली नाही. जून २०२४ मध्ये चिनी तटरक्षक कुऱ्हाडी-सुरे घेऊन आले, एका फिलिपिनो नौसैनिकाचा अंगठा तुटला. पुढच्याच महिन्यात मात्र रसद पोचवण्याबाबत दोघांत तात्पुरता समझोता झाला. चीनचा हट्ट होता: अन्नपाणी न्या, डागडुजीचं सामान नेऊ नका.

हे वाचलं आणि शेजारचे काका आठवले. शेवटी शेवटी तेही आजीला म्हणाले होते, "आजी, बसा खुशाल, पण त्या खाटेला वेल्डिंग तेवढं करू नका."

आजीनं त्याच दुपारी वेल्डरला बोलावलं.