लोअर आर्मचा उतार

नागपूरच्या हिंगणा रोडवरच्या या गॅरेजात चारखांबी रॅम्पवर एक पांढरी स्विफ्ट चढवली आहे. चाकं लटकलेली नाहीत, टेकलेली आहेत. गाडी रस्त्यावर जशी बसते तशीच इथे बसली आहे, म्हणून खालून जे दिसतंय ते खरं आहे.

हा लोअर आर्म पाहा, चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा. कंपनीतून निघताना तो गाडीच्या मध्याकडून चाकाकडे किंचित उतरता असतो. इथे तो चाकाकडे चढलाय. आखूड स्प्रिंग टाकून गाडी 40 मिलिमीटर खाली आणली आणि उतार उलटला. मागचा टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगने चाक वळवणारा दांडा, तोही त्याच्यासोबत वर गेला.

"भाऊ, मशीनवर अलाइनमेंट करून आणली, तरी खड्ड्यात स्टिअरिंग ओढूनच राहिली," मालक सांगतो. वय विशीच्या आसपास.

"मशीन उभी गाडी मोजते रे बाबू. चालती कोण मोजते?" मिस्त्री विचारतात.

चालती गाडी मोजायची त्यांची रीत आता दिसेल. स्प्रिंग काढली. शॉकअप रिकामाच परत बसवला. स्टिअरिंग सरळ धरून बांधून टाकलं. चाकाच्या जागी हबवर लोखंडी पाटा कसला आणि पाट्याच्या पुढच्या व मागच्या टोकाला एकेक डायल गेज, म्हणजे बारीक सरक दाखवणारं काट्याचं घड्याळ, टेकवला. आता आर्मखाली जॅक. हब थोडा थोडा वर चढतो, आणि स्टिअरिंगला कुणीही हात लावलेला नसताना दोन्ही काटे वेगवेगळे सरकतात. म्हणजे चाक स्वतःहून वळतंय. याला बंप स्टिअर म्हणतात. आर्म आणि टाय रॉड दोघंही वर्तुळाच्या कमानीत फिरतात. त्या कमानी जुळल्या तर चाक सरळ वर जातं, नाही जुळल्या तर दर खड्ड्यात टो, म्हणजे चाकाचं पुढचं टोक आत-बाहेर किती वळलंय ते माप, बदलतो. आपल्याकडे अलाइनमेंटची पावती म्हणजे शेवटचा शब्द मानतात. ती पावती या काट्यांबद्दल काहीच सांगत नाही.

दुसरा बिघाड डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मिस्त्री भिंतीवर खडूने काढून दाखवतात. शॉकअपच्या वरच्या टोकाशी काटकोनात एक रेघ, आर्मच्या दिशेने दुसरी. जिथे मिळतात तिथून टायरच्या तळाला तिसरी. ही तिसरी रेघ गाडीच्या मध्यरेषेला जिथे छेदते, तो रोल सेंटर; वळणावर गाडी याच बिंदूभोवती कलते. गाडी 40 मिलिमीटर उतरली तर तिचा गुरुत्वमध्य तेवढाच खाली येतो, पण रोल सेंटर त्याहून जास्त उतरतो. दोघांतलं अंतर वाढतं. त्यामुळे स्प्रिंग तेवढीच कडक असेल, तर खाली केलेली गाडी वळणावर जास्त कलते. हे ऐकताना मालकाचा चेहरा पाहा.

उपाय बॉल जॉइंटमध्ये, म्हणजे आर्म आणि चाकाकडची बाजू जोडणाऱ्या गोळीच्या सांध्यात आहे. लांब दांड्याचा बॉल जॉइंट आर्मचं बाहेरचं टोक खाली ढकलतो आणि उतार परत मिळतो. मात्र एकटा आर्म खाली नेला तर कमानी आणखी बिघडतात, म्हणून टाय रॉडचं टोकही तेवढंच खाली न्यावं लागतं. वॉशर घालून, गेज पाहून, पुन्हा वॉशर घालून. काटे जवळजवळ सोबत चालेपर्यंत हेच सुरू राहतं. मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून रिमला काही घासत नाही ना, ते हाताने चाचपायचं.

आता असं काम, जे घाईत हमखास सुटतं. आर्मच्या आतल्या टोकाच्या रबरी बुशचे बोल्ट ढिले करून गाडी चाकांवर उभी केली, आणि मगच ते कसले. चाक लटकत असताना कसले तर बुशमधलं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. त्यानंतर कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, एक्सेंट्रिक बोल्टने; हा बोल्ट फिरवला की कल बदलतो. टो सगळ्यात शेवटी, कारण कॅम्बर हलला की टो हलतोच. मागे टॉर्शन बीम आहे, दोन्ही चाकांना जोडणारी एकच आडवी लोखंडी तुळई. तिथे पातळ शिम, म्हणजे मधे घालायची पत्री, सोडून फारसं काही करता येत नाही.

एक गोष्ट मिस्त्रींनी मालकाला न विचारता ठरवली होती, ती आता सांगतात: थोडी लांब स्प्रिंग टाकून गाडी 15 मिलिमीटर वर घ्यायची. स्विफ्टचा मूळ ग्राउंड क्लिअरन्स 163 मिलिमीटर, 40 गेले की उरतात 123. नियमाने बांधलेला गतिरोधक 100 मिलिमीटर उंच असतो, आणि आपल्या वस्त्यांतले सगळेच काही नियमाने बांधलेले नसतात. मालक बराच वेळ गाडीकडे पाहतो. मग मान हलवतो.

शिवमडक्याहून समृद्धी महामार्ग सुरू होतो. तिथे कारला 120 ची मुभा आहे, आणि चुकलेल्या टोने आतल्या कडेला झिजलेला टायर त्या वेगाला फुटू शकतो. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 आरसीवरच्या नोंदी कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील अशा बदलांना मनाई करतं, तेही आधी वाचून घ्यावं.

आउटर रिंग रोडवर ट्रायल. सिमेंट रोडच्या सांध्यांवरून गाडी जाते, मालकाचे हात स्टिअरिंगवर सैल आहेत. शेजारी बसलेले मिस्त्री सांगतात, "हजारेक किलोमीटर झाले की घेऊन ये. नवी स्प्रिंग अजून थोडी बसन, टो परत पाहावा लागते."