गरोदरपणात लघवी फार होते? आधी मोजा

श्रोतेहो, नमस्कार.

दिवस गेल्यावर लघवीला सारखं जावं लागतं, त्यात नवल नाही. पण दर खेपेला भरपूर, पाण्यासारखी निवळ लघवी होत असेल आणि रात्री उठून तांब्याभर पाणी प्यावं लागत असेल, तर आधी माप घ्यायचं. सकाळची पहिली लघवी टाकून द्या, वेळ लिहून ठेवा. तिथपासून दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतची सगळी, त्या सकाळचीसुद्धा, कॅनमध्ये जमवा. एक खेप मोरीत गेली की हिशेब चुकला. 3 लिटरच्या वर भरली, तर तपासण्या हव्यात.

पहिला संशय साखरेचा. लघवीच्या पट्टीवर विसंबू नका. गरोदरपणात रक्तातली साखर ठीक असूनही ती लघवीत उतरते. 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. 140 किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह. मात्र 145-150 साखरेनं चार-पाच लिटर लघवी होत नाही. तेवढ्यावर तपास थांबवू नये. कॅल्शियम आणि पोटॅशियमही पाहावं.

मग येतो व्हॅसोप्रेसिन, म्हणजे मूत्रपिंडाला पाणी राखायला सांगणारा हार्मोन. वारेतून निघणारं एक एन्झाइम त्याला तोडतं. शेवटच्या तिमाहीत, विशेषतः जुळी असताना, ते वाढतं. त्याची विल्हेवाट लावतं यकृत. म्हणून यकृताच्या तपासण्या आणि रक्तदाब इथे टाळायचे नाहीत. हार्मोन असा कमी पडून पाणी लघवीवाटे निघून जातं, त्याला डायबेटिस इन्सिपिडस म्हणतात. नावात डायबेटिस आहे, साखरेशी संबंध नाही.

रिपोर्ट वाचताना गफलत होते ती सोडियममध्ये. छापील मर्यादा 135 ते 145. पण गरोदरपणात सोडियम एरवीपेक्षा चार-पाचने कमी असतं. म्हणजे 143 हा आकडा ‘नॉर्मल’ छापून आला तरी संशयास्पद. त्याच वेळी लघवीची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे ती किती दाट आहे याचं माप, 300 च्या खाली असेल, तर संशय पक्का होत जातो. उलट सोडियम फारच कमी असेल, तर बाई गरजेपेक्षा जास्त पाणी पीत असावी.

पाणी तोडून करायची चाचणी गरोदरपणात टाळतात. घरच्यांनीही ‘कमी पी’ म्हणू नये. शरीर कोरडं पडतं. त्याऐवजी डॉक्टर डेस्मोप्रेसिन, म्हणजे व्हॅसोप्रेसिनसारखंच काम करणारं औषध, देऊन पाहतात. वारेचं एन्झाइम त्याला तोडू शकत नाही. लघवी कमी आणि दाट झाली, तर उणीव हार्मोनची. काहीच फरक पडला नाही, तर दोष मूत्रपिंडाकडे. औषध चालू असताना पाणी तहानेपुरतंच, नाहीतर सोडियम घसरतं.

वारेमुळे झालेला त्रास बाळंतपणानंतर साधारण चार ते सहा आठवड्यांत जातो. त्यानंतरही राहिला, तर व्हॅसोप्रेसिन जिथून रक्तात येतो त्या, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीचा एमआरआय करावा लागतो.