जोगजातले ऊन

मित्रहो,

पत्रिकेवर आजचा विषय ‘योग्यकर्त्याचा राजवाडा, प्रम्बनानची मंदिरे आणि उष्ण प्रदेशातील स्थापत्य’ असा छापला आहे आणि तो मीच दिलेला असल्याने त्याच्या लांबीबद्दल मला तक्रार करता येणार नाही. माझे म्हणणे मात्र आटोपशीर आहे. इंडोनेशियातील जावा बेटावरच्या योग्यकर्ता या शहरात, म्हणजे तिथल्या लोकांच्या जोगजात, आणि त्याच्या आसपास ज्यांनी या वास्तू बांधल्या त्यांनी उन्हाचा विचार आधी केला, आणि आपण त्या पाहायला जातो तेव्हा नेमका तोच विचार घरी ठेवून जातो.

मागच्या वर्षी आम्ही पंचवीस जण तिथे गेलो होतो. सहलीच्या आयोजकांचे नाव घेत नाही, कारण त्यांच्या पुढच्या सहलीचे प्रवासी या सभागृहात बसलेले असू शकतात. त्यांनी सकाळची थंड वेळ खरेदीला दिली, भर बाराला आम्हाला प्रम्बनानला उतरवले आणि राजवाडा दुपारी तीनसाठी राखून ठेवला. तो पर्यटकांसाठी त्याआधीच बंद झालेला होता. विषुववृत्ताच्या दक्षिणेला आठ अंशांच्या आतच वसलेल्या या शहरात ऑक्टोबरात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, आणि मंदिरे ज्वालामुखीच्या काळ्या दगडाची, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या दगडाच्या नात्यातलीच. तो दगड तापला की वरून आणि समोरून असे दोन सूर्य होतात. सत्तेचाळीस मीटर उंचीच्या शिवमंदिराकडे एकदा मान वर करून पाहून आमच्यातले एक काका म्हणाले, “वेरूळ पाहिलेल्या माणसाला याचे काय!” आणि ते शहाळ्याच्या शोधात निघाले. काकांचा दोष नव्हता. त्या वेळी समोर प्रत्यक्ष कैलास असता तरी मीही शहाळेच मागितले असते.

झाडाखाली बसल्यावर स्थानिक वाटाड्याने रोरो जोंग्रांग या राजकन्येची दंतकथा सांगितली. बांडुंग बोंडोवोसो नावाच्या बलाढ्य राजपुत्राने तिच्या पित्याला मारले आणि मग तिलाच मागणी घातली. थेट नकार देणे शक्य नव्हते, म्हणून तिने एका रात्रीत हजार मंदिरे बांधून देण्याची अट घातली. त्याने भुतांना कामाला लावले. नऊशे नव्याण्णव मंदिरे उभी राहिलेली पाहून तिने गावातल्या बायकांना उठवले, उखळात भात कांडायला लावले आणि पूर्वेला आग पेटवली. पहाट झाली असे वाटून कोंबडे आरवले, भुते पळाली आणि हजारावे मंदिर राहिले. फसवणूक कळताच त्याने शाप देऊन तिलाच शिळा केले. शिवमंदिराच्या उत्तरेकडच्या गाभाऱ्यातील महिषासुरमर्दिनीची मूर्ती म्हणजे तीच, असे लोक मानतात. आपल्याकडेही एका रात्रीत बांधायला घेतलेली आणि कोंबडा आरवताच अर्धवट सोडलेली पांडवांची देवळे गावोगावी सांगतात. कोंबडे थोडे उशिरा उठते तर दोन्ही देशांच्या पुरातत्त्व खात्यांचे काम किती वाढले असते, याचा विचार करावा. (हशा.) मला मात्र यात महत्त्वाचे वाटते ते हे, की या कथेतले सगळे बांधकाम रात्री होते. ही कथा रचणाऱ्यांना तिथले ऊन ठाऊक होते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटे उरली आहेत, आणि मुख्य मुद्दा अजून बाकी आहे.

प्रम्बनानचे शिवमंदिर पूर्वाभिमुख आहे. रामायणाचे शिल्पपट प्रदक्षिणापथाच्या कठड्याच्या आतल्या बाजूला कोरलेले असून ते पूर्वेच्या जिन्यापासून, मंदिर उजव्या हाताला ठेवून वाचायचे असतात. सकाळी लवकर गेलात तर पूर्वेचा कठडाच तुमच्यावर सावली धरतो, आणि शेषावर पहुडलेल्या विष्णूपासून सुरू होणारी कथा निवांत वाचता येते. वानरांच्या सेतूपर्यंत आलात की पुढचा भाग शेजारच्या ब्रह्ममंदिरावर आहे.

राजवाड्याचे, म्हणजे क्रातोनचे, उत्तर वेगळे आहे. १७५५ च्या तहाने जावातले मातारामचे राज्य दुभंगल्यावर पहिल्या हामेंकुबुवोनो सुलतानाने तो बांधवला. त्याच्या मुख्य मंडपाला भिंतीच नाहीत. वर उंच चढत जाणारे, कडांना खाली उतरलेले छप्पर, खाली खांब, भोवती वाळूचे अंगण आणि चिकूच्या कुळातली झाडे. मंदिराने गारवा जाड दगडाच्या गाभाऱ्यात कोंडून ठेवला, राजवाड्याने वाऱ्याला वाट मोकळी करून दिली. जवळच्या तामान सारी या राजघराण्याच्या जलउद्यानात तर सुलतानाने सरळ पाण्याचाच आश्रय घेतला. मेरापी ज्वालामुखी, राजवाडा आणि दक्षिणेचा समुद्र यांना जोडणाऱ्या ज्या अक्षाचा २०२३ मध्ये जागतिक वारशात समावेश झाला, त्याबद्दल मला पाऊण तास बोलायचे होते. ते आता राहिले.

एक सूचना तेवढी देतो. क्रातोनमध्ये टोपी काढून ठेवावी लागते. मंडपाच्या छपराखाली पोहोचेपर्यंत तिथे डोक्यावर ऊनच असते, तेव्हा सकाळी दार उघडतानाच जा.