जहाज आपल्या जवळच्या बंदरातून का सुटत नाही?

पहाटेचे साडेपाच. अजून नीट उजाडलं पण नाहीये आणि हे क्रूझ जहाज, म्हणजे समुद्रावर सुट्टी घालवायचं जहाज, धक्क्याला लागतंय. आता पुढचे दहा-अकरा तास नुसतं बघत राहा. रात्रीच केबिनबाहेर काढून ठेवलेल्या बॅगा आधी उतरणार, मग माणसं, मग कचरा, आणि तेवढ्यातच ट्रकची रांग लागलेली असते, भाजीपाला, दूध, धुतलेल्या चादरी, सगळं आत जातंय, समुद्राच्या बाजूने इंधनाची बार्ज येऊन चिकटलीये, आणि दुपार व्हायच्या आत नवीन लोक चढायला लागतात. चार-पाचला दोर सुटलेच पाहिजेत. क्रूझवाले याला टर्नअराउंड डे म्हणतात, आणि हे सगळं जिथे होतं ते जहाजाचं होमपोर्ट.

दिवसभर उतरून फिरून यायचं बंदर वेगळं आणि होमपोर्ट वेगळं. फिरायला जहाजं कितीतरी छोट्या बंदरांत जातात हो, पण प्रवास सुरू करायला तीच ती नावं. मायामी, पोर्ट कॅनव्हेरल, बार्सिलोना, साउथॅम्प्टन.

बाकीच्यांनी काय करायचं? आधी विमान पकडायचं. विमान लेट झालं तर जहाज थांबत नाही, म्हणून आदल्या दिवशीच पोचायचं, हॉटेल घ्यायचं, सामान ओढत टॅक्सी शोधायची. आता ज्यांचे गुडघे गेलेत, जे व्हीलचेअरवर आहेत, त्यांचा विचार करा. खोली आपल्यासोबतच फिरते, रोज बॅग भरा-उघडा नाही, त्यांच्यासाठी याच्याइतकी सोयीची सुट्टी नाही. आणि नेमके तेच लोक एअरपोर्टच्या धसक्याने घरी बसतात. मला हे खरंच खटकतं.

बरं, कंपन्यांना हे जमत नाही असंही नाही. सप्टेंबर 2001 च्या दहशतवादी हल्ल्यानंतर अमेरिकेत लोक विमानात बसायला घाबरत होते, तेव्हा याच कंपन्यांनी जहाजं लोकांच्या जवळ आणली, गाडी चालवत पोचता येईल अशा बंदरांत.

मग अडतं कुठे? हा पूल बघा. फ्लोरिडातला सनशाइन स्कायवे, 1987 सालचा, टँपा बंदराला जाणारं प्रत्येक क्रूझ जहाज याच्या खालून जातं. पाण्यापासून उंची साधारण 55 मीटर. वरच्या डेकवर उभं राहून वर बघितलं ना, तर शेवटच्या क्षणापर्यंत वाटत राहतं की धुराडं आता पुलाला घासणार, आणि मग एकदम सावली अंगावरून सरकते आणि आपण पलीकडे. हे जमतं ते जुन्या, मध्यम जहाजांना. 2024 मध्ये आलेलं आयकॉन ऑफ द सीज 365 मीटर लांब आहे, 20 डेक, ते इथून जाणारच नाही. पैसा सगळा अशाच जहाजांत ओतला जातोय, आणि जहाज जितकं मोठं तितकी त्याला चालणारी बंदरं कमी.

दुसरं म्हणजे अंतर. उत्तरेकडच्या बंदरातून उबदार समुद्र गाठायलाच दीड-दोन दिवस जातात, आणि वेग वाढवावा तर इंधन भयंकर पितं, वेग दुप्पट केला तर ताकद जवळपास आठपट लागते. त्यात अमेरिकेचा 1886 चा कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या जहाजाने तिथल्याच बंदरातून निघून तिथेच परत यायचं असेल तर मध्ये एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं. सिएटलहून अलास्काला जाणारी जहाजं म्हणूनच कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या शहरांची. अलाबामातलं मोबिल. 2004 मध्ये शहराने क्रूझ टर्मिनल बांधलं, जहाज आलं, आणि 2011 मध्ये कंपनीने ते दुसरीकडे हलवलं. जहाज काय, उद्या दुसऱ्या समुद्रात जाईल. इमारत कुठे जाणार? टर्मिनल रिकामं पडलं, आणि शहर कर्ज फेडत राहिलं. नियमित फेऱ्या परत सुरू व्हायला 2016 चा नोव्हेंबर उजाडला.

तरीही माझं मत विचाराल तर हो, जास्त बंदरांतून जहाजं सुटायलाच हवीत, फक्त बंदराला बसेल असं जहाज आणा. फ्रेड ऑल्सन या क्रूझ कंपनीची जहाजं इंग्लंडमधल्या लिव्हरपूल, न्यूकॅसलहून सुटतात, एकेका जहाजात प्रवासी तेराशेच्या आसपास, आणि ती चालतात की. किंवा भूमध्य समुद्रात एमएससी ही क्रूझ कंपनी करते तसं करा, एकाच फेरीत कोणी बार्सिलोनाला चढतं, कोणी मार्सेला, कोणी जिनोव्हाला, आणि आठवड्याने जिथे चढले तिथेच उतरतात, त्यामुळे एकाच बंदरावर सगळं जहाज भरायचा भार येत नाही. आणि शहरांनी धक्क्यावर पैसे घालायच्या आधी कंपनीकडून काही वर्षांची लेखी हमी घ्यावी, मधेच गेलात तर कर्जाचा वाटा तुम्ही भराल, असं स्पष्ट लिहून.