पोत्यात हात घालणारा माणूस

(वाचनालयाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरची मंडळी आणि समोर बसलेले आपण सगळे,

पत्रिकेत विषय छापलाय ‘ऐतिहासिक कादंबरीचा आस्वाद’ आणि माझ्या नावापुढे कंसात ‘निवृत्त बँक अधिकारी’. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कुणी करणार नाही, हे एक बरं झालं. माझी पात्रता एवढीच की चाळीस वर्षं मी या वाचनालयाची वर्गणी भरतेय आणि चाळीस वर्षं दोन्ही वेळचा स्वयंपाक करतेय. बरेचदा दोन्ही एकदमच. इथल्या निम्म्या ऐतिहासिक कादंबऱ्यांवर जी हळदीची बोटं आहेत ती माझी. ग्रंथपालबाई मान हलवतायत. बाई, दंड भरलाय मी त्याचा.

तर माझं खूळ असं आहे. ऐतिहासिक कादंबरी हातात घेतली की मी आधी तिच्यातली चूल शोधते. तलवार किती शेर वजनाची होती, घोडा पंचकल्याणी होता की अबलख, यात लेखकाने मला खुशाल फसवावं, मला कळणार नाही. भाकरी मात्र मला कळते.

या खुळाची सुरुवात सांगते. आपल्या गावातल्या एका गृहस्थांनी देवगिरीवर कादंबरी लिहायला घेतली. नाव विचारू नका, ते कदाचित इथेच बसलेले असतील. हस्तलिखित माझ्याकडे दिलं, म्हणाले, ताई, शुद्धलेखन तेवढं बघा. पहिलंच प्रकरण. साल १२९६. यादवांचा एक पाईक दिवसभर चालून दमतो, वडाखाली टेकतो, पडशी सोडतो. पडशीत काय? ज्वारीची भाकरी, बुक्की मारून फोडलेला कांदा आणि लाल मिरचीचा झणझणीत ठेचा.

मी समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘मिरची नाही’.

दुसऱ्या दिवशी ते दारात. नाही म्हणजे? म्हटलं, नाही म्हणजे आपल्याकडे आलेलीच नव्हती. मिरची अमेरिकेतली. कोलंबस तिकडे पोचला १४९२ ला, वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ ला, पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये. तुमचा पाईक निदान दोनशे वर्षं आधी ठेचा खातोय. ते म्हणाले, मग तिखट काय खायचे लोक? मिरी. मिऱ्यावरूनच तर आपण तिला मिरची म्हणायला लागलो. पिंपळी होती, आलं होतं. ते म्हणाले, ‘‘ताई, मिऱ्याचा ठेचा लिहिला तर लोक हसतील मला.’’

आठ दिवसांनी सुधारलेलं पान आलं. ठेचा गेला होता. त्या जागी शेंगदाण्याची चटणी.

हसताय, पण मला तेव्हा रडू येत होतं. शेंगदाणाही तिकडचाच! तो खोडला तर पुढच्या प्रकरणात राणीसाहेबांच्या महालात बटाट्याची भाजी. बटाटा हा शब्दसुद्धा पोर्तुगीज. ते वैतागले. म्हणाले, मग माझ्या माणसांनी उपासच करायचा का?

आता उपासाचं ऐकाच. विषय जरा सुटतोय, पण सुटू दे. आपण एकादशीला सोवळ्यात साबुदाण्याची खिचडी करतो. त्यात साबुदाणा, बटाटा, दाण्याचं कूट आणि हिरवी मिरची. आपला साबुदाणा होतो टॅपिओकाच्या कंदाचा. चारही जिन्नस मूळचे अमेरिकेतले! जोडीला रताळ्याचा कीस केलात तर तेही तिकडचंच. आपलं काय, तर तूप आणि जिरं. ज्ञानोबामाउलींच्या काळात यातलं एकही पातेल्यात पडलेलं नव्हतं. आमच्या सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘‘पांडुरंगाला चालतंय ना? मग तू कशाला मध्ये पडतेस?’’ याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

असो. त्या गृहस्थांना म्हटलं, उपास नको, रविवारी जेवायला या. तेराव्या शतकातलं वाढते.

शनिवारी रात्री स्वयंपाकघरात उभी राहिले आणि एकेक डबा बाहेर काढायला लागले. लाल तिखट बाहेर, दाण्याचं कूट बाहेर, शेंगदाणा तेल बाहेर. टोमॅटो, मका, लाल भोपळा, काजू बाहेर. कोबी, फ्लॉवर युरोपातून आलेले, तेही बाहेर. ओटा भरला आणि फळीवर मोकळी जागा झाली. आमचे हे पाणी प्यायला आले, म्हणाले, घर बदलतोय का आपण?

मग उरलं काय? उरलं ते मोजायला लागले तेव्हा मात्र जीव सुखावला. ज्वारी, बाजरी, तांदूळ, तूर, मूग, हरभरा, कुळीथ. तीळ, करडईचं तेल, तूप, ताक. कांदा, लसूण, आलं, हळद, हिंग, जिरं, मोहरी, मिरी, कोथिंबीर, कढीलिंब. चिंच, आमसूल, गूळ. वांगं, दुधी, दोडका, अळू. एवढ्यात अख्खा संसार होतो हो!

मी केलं कुळथाचं पिठलं. त्यात कुळीथ म्हणजे मुरलेलं धान्य. घोड नदीकाठी, शिरूरजवळच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तिथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या घरांत जव, मसूर यांच्या जोडीला कुळथाचे जळके दाणे मिळाले. कुणाची तरी चूल त्या दिवशी जरा जास्तच पेटली असणार. आपल्याकडून भाजताना करपलेले दाणे आपण टाकून देतो, तिथे त्याचा पुरावा झाला.

करायचं कसं? कुळीथ खमंग भाजायचे, भरडून साल पाखडायचं आणि दळून आणायचं. गिरणीवाल्याला सांगायचं, गव्हावर टाकू नकोस. कढईत करडईचं तेल, मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण भरपूर, कढीलिंब. हळद. पाणी घालून आमसुलं टाकायची आणि मिरी खलबत्त्यात जाडसर कुटून त्या पाण्यातच उकळू द्यायची, वरून भुरभुरवायची नाही. पीठ गार पाण्यात कालवून बारीक धारेने सोडायचं आणि हात थांबवायचा नाही. थांबला की गुठळ्या. फोन वाजला तरी वाजू द्यायचा. पिठलं आधी कडेने फदफदतं, मग मधून. मधून फदफदलं की झालं.

रविवारी ते आले. योगायोगाने माझ्या वन्संही आल्या होत्या. वन्संनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, ‘‘वहिनी, मिरची विसरलीस.’’ लेखकमहाशय काही बोलेनात. तीन-चार घास झाल्यावर हात मध्येच थांबला. म्हणाले, ‘‘हे तिखट उशिरा लागतं.’’

मंडळी, त्या वाक्यासाठी मी माझा सगळा रविवार खुशीने पुन्हा देईन. खरं आहे ते. मिरची जिभेच्या शेंड्यावर चटका देते, घास तोंडात टाकल्याटाकल्या. मिऱ्याचं तिखट मागून येतं, घशात, घास उतरल्यानंतर. म्हणजे तो वडाखालचा पाईक घाईने बचाबचा खाणार, आणि मग चार घासांनी त्याच्या घशाशी ऊब येणार. त्यांनी ते पान पुन्हा लिहिलं. आता तो पाईक खाता खाता थांबतो, पाण्याकडे हात नेतो आणि तेवढ्यात त्याला लांब धूळ दिसते. पहिल्या मसुद्यात धूळ नुसती उडत होती, या मसुद्यात ती दिसायला त्याने मान वर केली.

खरी तक्रार मात्र पुढेच आहे, आणि ती मी त्यांच्या तोंडावर केलेली आहे.

देवगिरीचा वेढा तुम्हाला ठाऊक आहे. अल्लाउद्दीन अचानक आला, फौज राजपुत्राबरोबर बाहेर, रामदेवराय घाईने किल्ल्यात शिरला. व्यापाऱ्यांची कोकणातून आलेली पोती पायथ्याशी पडलेली होती, ती धान्याची समजून वर चढवली. आणि मग गडावर कळलं की आत मीठ आहे. ही हकीकत फेरिश्ता हा फारसीत लिहिणारा इतिहासकार सांगतो, तोही तीनशे वर्षांनी, त्यामुळे इतिहासकारांनी तिचं काय करायचं ते करावं. पण कादंबरीकाराला आणखी काय पाहिजे? आमच्या या गृहस्थांनी लढाईला बावीस पानं दिली होती. मी मोजली. मिठाला एक ओळ: ‘परंतु दैव प्रतिकूल होते, पोत्यांत मीठ निघाले.’

एक ओळ!

अहो, कुणीतरी ते पहिलं पोतं उसवलं असेल ना? कोठीवरचा कारकून असेल, नाहीतर मुदपाकखान्यातली बाई. अंधारात सुतळी ओढली, आत हात घातला. हाताला तांदूळ लागायला हवा होता, ज्वारी लागायला हवी होती. हाताला काय लागलं? ओलसर, खरखरीत. तिने चिमूट जिभेवर ठेवली. मग दुसरं पोतं, मग तिसरं. आणि आता वर जाऊन हे राजाला सांगायचं कुणी? मला त्या बावीस पानांच्या बदल्यात या माणसाची दोन पानं हवीत. तलवारी तशाही

चिठ्ठी आली. ‘८ मिनिटे’. अहो, आत्ता कुठे विषयाला हात घातला होता! बरं. आस्वादाचे चार मुद्दे काढून आणले होते, ते आता शिट्टी होण्याआधी कुकर उघडल्यासारखे होणार.

पहिला. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून ‘मोचनगड’ मानतात. ती १८७१ ची, रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची, ‘विविधज्ञानविस्तारा’त क्रमशः आलेली. आणि पाककृतींचं सगळ्यात जुनं छापील मराठी पुस्तक म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं ते ‘सूपशास्त्र’ १८७५ चं, रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं. चार वर्षांचं अंतर, दोघेही रामचंद्र. गेलेलं राज्य आठवावंसं वाटलं आणि आईच्या हातचं लिहून ठेवावंसं वाटलं, हे साधारण एकाच सुमारास. यावर कुणीतरी पीएच.डी. करा, माझं वय झालं.

दुसरा. पदार्थांची यादी म्हणजे स्वयंपाक नव्हे. पंचवीस पक्वान्नांची पंगत लिहिणं सगळ्यात सोपं. मला विचारायचं असतं ते हे की दळलं कुणी, सरपण ओलं होतं का, आणि वाढणारी शेवटी काय जेवली. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना लिहिलेलं पत्र काढून वाचा, १६७० च्या दशकातलं. कुणी भलत्याच जागी चुली मांडील, कुणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, रात्री दिवा राहिला तर उंदीर वात पळवील आणि गवताच्या गंजी पेटतील, असं सगळं त्यात बजावलंय. छत्रपतींना उंदराची काळजी आहे आणि आमच्या कादंबरीकारांना फक्त आरोळ्यांची! तंबाखूही अमेरिकेतलीच बरं का, पण ती तोवर पोचली होती. म्हणजे मावळ्याच्या पडशीत मिरची असली तर मी खोडणार नाही.

तिसरा, पानिपत. १४ जानेवारी १७६१. आधीच्या डिसेंबरात मराठ्यांना रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसद तुटली. शेवटी सैन्य उपाशी होतं म्हणून बाहेर पडलं. त्या लढाईवरचं कुठलंही पुस्तक वाचताना मी धान्य कुठे संपलं ते पान शोधते आणि तिथे खूण घालते. तोफा त्यानंतर वाचते.

चौथा मुद्दा भाषेचा होता, जुन्या माणसांच्या तोंडी कुठली मराठी घालावी याचा. तो राहिला. सेक्रेटरी उभे राहिलेत आणि घड्याळाकडे बघून हसतायत, ते हसू मी ओळखते.

फक्त एक सूचना. खाली चहाच्या टेबलाशेजारी पातेलं ठेवलंय, कुळथाचं पिठलं, सकाळी केलंय. भाकऱ्या बचत गटाच्या बायकांनी थापल्यात. तिखट उशिरा लागेल, घाबरू नका. आणि ज्यांना १४९२ पर्यंत धीर धरवणार नाही त्यांच्यासाठी ठेचा वेगळ्या वाटीत आहे. वन्संनी आणलाय.